थ्री मस्केटिअर्स : घरमालकाला पकडून दिलं, आणि लगेच मैत्रीची शपथ?

पेन्सिलवाला :

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी इथे लिहितोय, चूकभूल द्यावीघ्यावी.

माझं कराडात स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. रात्री साडेआठला शटर ओढायचं, घरी जाऊन जेवायचं, आणि मग अर्धा तास मी आणि माझी मुलगी (आठवीत आहे, नाव लिहीत नाही, चिडेल) मिळून एक पुस्तक वाचतो. सध्या अलेक्सांद्र द्यूमा या फ्रेंच लेखकाची ‘द थ्री मस्केटिअर्स’ ही कादंबरी चालू आहे. शाळेत असताना मी याचा पातळसा मराठी संक्षेप वाचला होता. यावेळी पूर्ण इंग्रजी आणलंय, पोळपाटाइतकं जड. मी मोठ्यानं वाचतो, अडेल तिथं मराठीत सांगतो, आणि ती मधूनमधून माझे उच्चार सुधारते.

परवा नववं प्रकरण झालं. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दार्तान्यान हा गॅस्कनीतून पॅरिसला आलेला पोरगा. त्याचा घरमालक बोनासिए रडत येतो, माझ्या बायकोला पळवलंय म्हणतो. याचं तीन महिन्यांचं भाडं थकलेलं. मालक म्हणतो, भाड्याचं नावही काढणार नाही, वर पन्नास पिस्तोल (म्हणजे सोन्याची नाणी) देतो, पण मला मदत करा. दार्तान्यान हो म्हणतो, त्याच्याच तळघरातली वाइन वर मागवतो, आणि त्याचे तिघे मस्केटिअर (राजाच्या खास पलटणीतले शिपाई) मित्र, अॅथोस, पोर्थोस आणि अरामिस, तिथे जमतात. तेवढ्यात शिपाई येतात. मालक धावत वर येतो, वाचवा म्हणतो. पोर्थोस आणि अरामिस तलवारी अर्ध्या उपसतात. आणि दार्तान्यान काय करतो? त्यांना थांबवतो, शिपायांना आत या म्हणतो, त्यांच्याबरोबर पेला उचलतो, आणि ‘हा मेला माझ्याकडे भाडं मागायला आला होता, न्या याला’ म्हणून मालकाला त्यांच्या हवाली करतो. शिपाई जातात. पोर्थोस बिचारा चिडतो, बाकीचे दोघे त्यालाच मूर्खात काढतात. आणि त्याच खोलीत, मालकाच्या वाइनच्या बाटल्या समोर असताना, ते जगप्रसिद्ध वाक्य येतं: एकासाठी सगळे, सगळ्यांसाठी एक.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “बाबा, भाडं बुडवलं, वाइन त्याचीच प्यायली, आणि त्यालाच पकडून दिला? आणि हे वाक्य आमच्या स्पोर्ट्स डेच्या टी-शर्टवर आहे?”

मला उत्तर देता आलं नाही. संक्षेपात हा घरमालक बहुधा आलाच नव्हता, आला असला तर मला आठवत नाही. तलवारी आठवतात.

दुसरी गोष्ट लिहू की नको असं करत होतो, लिहितोच. पॉलिटेक्निकच्या हॉस्टेलवर आम्हीही चौघे होतो. एकाच ताटात जेवलेले, एकच ड्राफ्टर चौघांत वापरलेले. पुढे चौघांतल्या एकाला एका पतसंस्थेतून कर्ज हवं होतं, तेव्हा आम्ही दोघे जामीन राहिलो. कशाला हवंय, विचारलं नाही. टपरीच्या बाकड्यावर कागद ठेवून सही केली, चहा संपायच्या आत. हप्ते थांबले, नोटीस दुकानात आली, बायकोला तेव्हाच कळलं. पुढचं तुम्ही ओळखा.

तर माझा प्रश्न असा. या पुस्तकातली दोस्ती ही नेमकी काय चीज आहे? जिवाला जीव देणं वगैरे ठीक, पण हे चौघे खरंच चांगले मित्र आहेत, की नुसती टोळी आहे? आणि पोरीला काय सांगू?

तर्कटराव :

टोळीच आहे. पोरीला तेच सांगा.

थोडं सविस्तर. ही कादंबरी मुलांसाठी लिहिलेलीच नाही. १८४४ साली मार्च ते जुलै पॅरिसच्या ‘ल सिएक्ल’ या दैनिकात क्रमशः आली. द्यूमानं ओग्युस्त माकेच्या मदतीनं लिहिली. मूळ मसाला १७०० साली निघालेल्या एका पुस्तकातला, कुर्तील द सांद्राचं, दार्तान्यानच्या नावावर खपवलेलं खोटं आत्मचरित्र. रोजच्या पेपराचा वाचक सकाळी कॉफीबरोबर वाचणार, त्याला उद्या पुन्हा पेपर घ्यायला लावायचं. त्यात नीतीचे धडे कुठून येणार? मुलांसाठी संक्षेप करणाऱ्यांनी दारू, बायका, उधारी, नोकरांना लाथा हे सगळं गाळलं आणि तलवारी ठेवल्या. म्हणून तुम्हाला तलवारीच आठवतात.

आणि जामिनाबद्दल: सही करायच्या आधी वाचत जा. (रागावू नका. मीही एकदा केली आहे.)

उंबरठा :

तर्कटराव, तुमचं इतिहासाचं बरोबर, पण टोळीचं नाही पटलं.

पेन्सिलवाले, तुमच्या लेकीचं मला फार कौतुक वाटलं. हे पुस्तक मी तीनदा वाचलंय. पहिल्यांदा कॉलेजात असताना, दुसऱ्यांदा निवृत्तीनंतर फ्रेंच शिकले तेव्हा शब्दकोश मांडीवर घेऊन, आणि तिसऱ्यांदा आमच्या ह्यांच्या आजारपणात, रात्री हॉस्पिटलच्या स्टुलावर बसून. तिन्ही वेळा वेगळं पुस्तक वाचल्यासारखं झालं.

तो शपथेचा प्रसंग नीट वाचा. पोर्थोस ‘पण तरी...’ म्हणून कुरकुरतो. त्याला अजून पटलेलं नाही. बाकीचे म्हणतात, हात पुढे कर आणि शपथ घे. तो पुटपुटत हात पुढे करतो. म्हणजे जगातली ही एवढी गाजलेली शपथ, ती घेणाऱ्या चौघांपैकी एकानं तरी नाइलाजानं घेतली आहे! मला तर तो क्षण म्हणूनच खरा वाटतो. घरात चार भावंडं असली की एकाचं तोंड असं वाकडं असतंच.

दार्तान्याननं मालकाच्या कानात सांगितलेलंही विसरू नका: आम्ही मोकळे राहिलो तरच तुला सोडवू शकू, आत्ता आडवे गेलो तर आम्हीही आत जाऊ. हे खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही, कारण पुढे त्यांचं सगळं लक्ष मालकाच्या बायकोकडे आणि तिच्यामागून राणीकडे जातं. मालकाला कोणी सोडवायला जात नाही. त्याला राजाचा बलाढ्य मंत्री आणि या चौघांचा शत्रू कार्डिनल रिशेल्यूच सोडतो, तोही पिस्तोलची थैली हातात देऊन, आणि तो मालक कार्डिनलचा भक्त होऊन घरी येतो. आणि गंमत अशी की तीच थैली त्याची बायको दार्तान्यानला देते, आणि त्याच पैशावर हे चौघे कार्डिनलच्या विरुद्ध लंडनच्या मोहिमेवर निघतात. प्रत्येकी पंचाहत्तर पिस्तोल. द्यूमाला हिशेब फार आवडतो. कोणाच्या खिशात किती, हे तो आधी सांगतो, आणि तो कसला आहे ते मागाहून.

आता तुमच्या जामिनाकडे येते, कारण ते आणि हे एकच आहे असं मला वाटतं. लंडनला निघायच्या आधीचा प्रसंग घ्या. दार्तान्यानकडे राणीचं गुपित आहे, ते सांगता येत नाही. मित्रांच्या नावानं रजेचे कागद आलेत, अॅथोसला तर स्वतः न मागता रजा मिळाली आहे, फोर्जच्या पाण्याच्या उपचारासाठी! पोर्थोस विचारतो, जायचं कुठं आणि कशाला? सरळ प्रश्न आहे, कोणीही विचारेल. दार्तान्यान म्हणतो, राजा तुम्हाला कारणं देतो का? आणि अॅथोस म्हणतो की हे रजेचे कागद, हे कुठून आलेत देव जाणे असे तीनशे पिस्तोल, चला, सांगतात तिथं जाऊन मरू या. इतक्या प्रश्नांच्या लायकीचं आयुष्य आहे का?

तरुणपणी मला हे वाक्य फार भारी वाटायचं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की हे बोलणारा माणूस आयुष्याला कंटाळलेला आहे. अॅथोसला मरण चालणार आहे. त्यानं एका बाईवर आंधळा विश्वास टाकला होता, तिच्या खांद्यावर गुन्हेगारांना डागतात ते फुलाचं चिन्ह दिसलं आणि त्याचं सगळं संपलं. तो प्रश्न विचारत नाही, कारण त्याला उत्तरांची भीती आहे. पोर्थोस विचारतो, कारण त्याला जगायचंय, नवा कमरपट्टा मिरवायचाय, मटणाचा रस्सा ओरपायचाय. तरी दोघेही घोड्यावर बसतात. एक न विचारता, एक विचारून उत्तर न मिळताही. तुमच्या टपरीच्या बाकड्यावर तुम्ही दोघं होता ना, त्यातला पोर्थोस कोण होता?

आणखी एक सांगते मग थांबते. वाटेत एकेक गळत जातो. शांतीयीला पोर्थोस एका दारुड्याशी भांडण काढून मागे राहतो. बोव्हेच्या पुढे अरामिसच्या खांद्यात गोळी लागते, त्याला क्रेव्हकरला सोडावं लागतं. आमियाँला अॅथोसवर खोट्या नाण्यांचा आळ घेऊन माणसं तुटून पडतात, आणि तो ओरडतो, मी अडकलो, तू पळ! आणि दार्तान्यान पळतो. कोणासाठी थांबत नाही. ठरलेलंच तसं असतं की एक जरी लंडनला पोचला तरी पुरे. आपल्याकडे मैत्री म्हटलं की पडलेल्या मित्राला खांद्यावर घेऊन चालणारा डोळ्यांपुढे येतो. इथे निष्ठा म्हणजे न थांबणं. नंतर मात्र तो एकेकाला गोळा करत उलट्या वाटेनं जातो, आणि ती दोन-तीन प्रकरणं मला सगळ्या तलवारबाजीहून जास्त आवडतात. पोर्थोस खाणावळीत बिल थकवून पलंगावर, आणि त्याचा नोकर फासा टाकून तळघरातल्या बाटल्या वर ओढतोय. अरामिस दोन धर्मपंडितांबरोबर प्रबंधाची चर्चा करत बसलेला, जेवायला नुसता पालक आणि अंडी, संन्यास घ्यायला निघालेला. प्रेयसीचं पत्र हातात पडताच संन्यास गेला उडत. आणि अॅथोस तळघरात कोंडून घेऊन दीडशे बाटल्या रिकाम्या करून बसलेला.

तळघराचं प्रकरण आलं की पोरीला दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल असं बघा. लवकर झोपायची नाही.

फौजी आप्पा :

राम राम. मी चोवीस वर्षं पायदळात होतो, आता सातारा जिल्ह्यात शेती करतो. पुस्तक मी सियाचीनहून खाली आल्यावर बेस कॅम्पच्या लायब्ररीत वाचलं. मागची शेवटची आठ-दहा पानं कोणीतरी फाडली होती, त्यामुळे शेवट मला पाच वर्षांनी कळला.

माझी हरकत वेगळी आहे. हे चौघे राजाचे शिपाई. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते यांच्यात कुठं दिसतं? राजाची राणी परक्या देशाच्या मंत्र्याला, बकिंगहॅमला, राजानं दिलेले हिऱ्याचे बारा लोलक भेट देते. राजा विचारतो, नाचाच्या दिवशी ते घालून ये. आणि राजाचेच शिपाई जिवावर उदार होऊन ते परत आणतात, राजाला कळू नये म्हणून! आमच्याकडे याला एकच शब्द आहे. तो इथे लिहीत नाही.

पुढे ला रोशेलचा, म्हणजे फ्रान्समधल्याच एका बंडखोर शहराला राजानं घातलेला वेढा. १६२७-२८ ची खरी लढाई. बकिंगहॅम तेव्हा उघड शत्रू, रे बेटावर फौज उतरवलेला. आणि या चौघांना कळतं की त्याला मारण्याचा डाव आहे. दार्तान्यान म्हणतो, त्याला सावध करायला हवं. का? तर त्यानं आपल्याला झकास घोडे दिले होते. आणि पोर्थोस म्हणतो, खोगिरंही चांगली होती. मी वाचताना खदाखदा हसलो आणि मग गप्प बसलो. कारण माणूस असाच असतो. देशाचं, राजाचं लांबचं असतं. हातात लगाम कोणी दिला ते लक्षात राहतं.

बुरुजावरच्या न्याहारीचं सांगतो. सँ जेर्व्हे नावाचा बुरुज, आदल्या रात्री घेतलेला. चौघे पैज लावतात की तिथं जाऊन तासभर बसून न्याहारी करू. खरं कारण असं की छावणीत भिंतीला कान आहेत, गुप्त बोलायला जागा नाही. म्हणून गोळ्यांच्या टप्प्यात जाऊन बसतात. एखाद्या सुभेदारानं हे केलं असतं तर दुसऱ्या दिवशी चौकशी बसली असती. पण जागा निवडली ती बरोबर! शत्रू समोर दिसतो, तो ऐकत नाही. आपला माणूस मागे असतो आणि तो ऐकतो. हे मला वाचून नाही, अनुभवानं पटलं. कोंबडी खाता खाता हल्ला परतवतात, परत जाताना मेलेल्या शिपायांना भिंतीशी टेकवून हातात बंदुका देऊन उभं करतात, आणि अॅथोस गोळ्या झेलत निशाण उतरवायला परत जातो. निशाण म्हणजे काय, तर भाल्याला बांधलेला जेवणाचा रुमाल. तीन भोकं पडलेला.

आमच्यात ‘बडी’ असतो. दोघांची जोडी. तो झोपला तर मी जागा, त्याची पाण्याची बाटली मी भरायची, माझी त्यानं. बडी आपण निवडत नाही, लावून देतात. माझा बडी मला पहिले सहा महिने अजिबात आवडत नव्हता, फार घोरायचा. मैत्री होती का? माहीत नाही. पण मी त्याला कधी ‘का’ विचारलं नाही आणि त्यानं मला. तो आता नागालँडमध्ये आहे, नाताळला फोन करतो. अजून जास्त बोलत नाही.

तर्कटराव :

आप्पा, मानलं. टोळी मागे घेतो. अर्धी.

एक मुद्दा तुमच्या बाजूनं. त्या फाटक्या रुमालावर पुढे कार्डिनल स्वतः म्हणतो की यावर सोन्याची तीन लिलीची फुलं भरून घ्या आणि कंपनीचं निशाण करा. आणि दार्तान्यान तोवर मस्केटिअर नसतोच! पुस्तकाचा दोन तृतीयांश भाग तो दुसऱ्याच गार्ड पलटणीत असतो. कार्डिनल म्हणतो, चौघे एकमेकांवर एवढं प्रेम करतात तर एकाच कंपनीत असू देत. म्हणजे यांची मैत्री ओळखून तिच्यावर शिक्का मारणारा माणूस कोण, तर यांचा शत्रू.

शेवटचं पान :

पुढचे भाग कोणी वाचलेत का? १८४५ च्या ‘वीस वर्षांनंतर’मध्ये हेच चौघे दोन-दोन असे विरुद्ध बाजूंना असतात. पॅरिसच्या प्लास रॉयालमध्ये रात्री भेटतात, चौघेही शस्त्रं लावून, एकमेकांवर संशय घेत. शब्दाला शब्द वाढतो. आणि अॅथोस आपली तलवार गुडघ्यावर मोडून फेकतो, अरामिसला सांगतो, तूही मोड. अरामिस घुटमळतो. त्या घुटमळण्यावर माझा सगळा जीव आहे. कारण तिसऱ्या भागात अरामिस पोर्थोसला एका कटात ओढतो, खरं कारण न सांगता. आणि त्या भोळ्या राक्षसाचं काय होतं...

पेन्सिलवाला :

थांबा, थांबा! मुलगी हा धागा माझ्या फोनवर वाचते. पुढचं लिहू नका.

शेवटचं पान :

माफ करा. नाव बदलून घ्यायला हवं मला.

उंबरठा :

पहिल्या भागाचाच शेवट सांगितला तर चालेल का? सावधपणे सांगते. कार्डिनल दार्तान्यानला लेफ्टनंटच्या नेमणुकीचा कागद देतो, नावाची जागा कोरी. तो पोरगा काय करतो, कागद घेऊन आधी अॅथोसकडे जातो: तुम्ही घ्या. मग पोर्थोसकडे, मग अरामिसकडे. तिघे आपापल्या कारणानं नाही म्हणतात. एकाला पैसेवाली विधवा मिळालीय, एकाला मठात जायचंय. शेवटी अॅथोस लेखणी घेऊन स्वतः दार्तान्यानचं नाव लिहितो. तो म्हणतो, म्हणजे आता मला मित्र उरणार नाहीत. आणि डोकं हातांत धरून बसतो.

बढती मिळाल्यावर रडणारा नायक मी दुसरा पाहिला नाही. आमच्या ऑफिसात बढतीचा कागद आला की पेढे यायचे, आणि ज्याला मिळाली त्याच्या टेबलावर चहा प्यायला पुढच्या आठवड्यापासून कोणी जायचं नाही. मी स्वतः गेले नव्हते एकीच्या. बावीस वर्षं झाली.

पेन्सिलवाला :

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, दुकानात शाळा सुरू व्हायची गडबड होती. वह्यांना कव्हरं घालून घालून अंगठा सोललाय.

उंबरठाताई, पोर्थोस कोण होता विचारलंत. तो दुसरा जामीनदार. त्यानं विचारलं होतं, आता आठवतंय. पेन हातात घेऊन म्हणाला होता, “अरे, पण फेडणार कसा?” आणि मी म्हणालो होतो, “असं विचारतात का?” मग त्यानं सही केली. पुढे नोटीस आली तेव्हा अर्धे पैसे त्यानं भरले, मला न सांगता, परस्पर जाऊन. मला पावतीवरून कळलं. त्याबद्दल आम्ही आजवर एक शब्द बोललेलो नाही. दर गणपतीला तो कुटुंब घेऊन येतो, मोदक खातो, जातो. कर्ज घेणाऱ्याचा फोन दिवाळीत येतो. मी उचलत नाही, वाजू देतो. यंदा बघू.

आता पुस्तकाचं. आमियाँचं तळघर परवा शनिवारी वाचलं, ताईंचा सल्ला ऐकून. पोरगी पलंगावर उठून बसली होती. मग त्याच्या पुढचं प्रकरण. सकाळी दार्तान्यान झोपेतून उठतो आणि अॅथोस शांतपणे सांगतो, मी आज पहाटेच उठून एका इंग्रजाशी फासे खेळलो. माझा घोडा हरलो. मग तुझा घोडा हरलो. हो, बकिंगहॅमनं दिलेला, जो दार्तान्यानला मिरवायचा होता! मग तुझी हिऱ्याची अंगठी डावावर लावली. हिऱ्याचे दहा भाग केले आणि एकेक भाग हरत गेलो. दार्तान्यानचा चेहरा पांढरा. पण तो ओरडत नाही. मैत्री मोडत नाही. विचारतो, मग? मग काय, ग्रिमो शिल्लक होता. ग्रिमो म्हणजे अॅथोसचा नोकर, ज्याला बोलायची मनाई आहे, फक्त खुणा. अॅथोसनं ग्रिमोलाच डावावर लावलं. त्याचेही दहा भाग केले, आणि त्या भागांवर हिरा परत जिंकला. मग खोगिरंही.

पुढे परतीच्या वाटेवर चौघे पुन्हा एकत्र जेवतात तेव्हा कळतं की अरामिसनं घोडा विकला, पोर्थोसनंही विकला. चार खोगिरं आणि घोडा एकही नाही. अॅथोस विचारतो, आपण काय खातोय माहीत आहे का? एक म्हणतो वासराचं मांस, एक म्हणतो कोकराचं. अॅथोस म्हणतो, घोडा. मी हसून हसून पुस्तक खाली ठेवलं. बायको आतून बघायला आली.

पोरगी हसली नाही. ती मागची पानं चाळत होती. मला वाटलं तिला दार्तान्यानच्या घोड्याचं वाईट वाटलं. ती पेन्सिल घेऊन पानाच्या कडेला काहीतरी लिहीत होती. (पुस्तकात लिहू नये असं मी दुकानात येणाऱ्या पोरांना रोज सांगतो.) म्हणाली, “बाबा, ग्रिमोला विचारलं का यांनी?”

मी म्हटलं, नोकराला काय विचारायचं, चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे.

ती म्हणाली, “मग एकासाठी सगळे म्हणजे चारच ना. प्लांशे, ग्रिमो, मुस्कटाँ, बाझाँ, हे चौघांचे चार नोकर कुठे मोजले?”

आप्पा, तुमच्या बुरुजाचं प्रकरण अजून लांब आहे. मी गुपचूप पुढं जाऊन वाचलं. सामानाची टोपली ग्रिमोच घेऊन जातो, आणि अॅथोस त्याला वर पहाऱ्याला बसवतो. बसवताना एक पाव, दोन कटलेट आणि वाइनची बाटली बरोबर देतो. तेवढं मात्र द्यूमानं नोंदवलंय.

पानाच्या कडेला तिनं काय लिहिलंय ते ती झोपल्यावर बघितलं. ‘४ + ४’ असं लिहून पुढच्या चारावर काट मारली आहे, आणि मग ती काट खोडरबरानं पुसायचा प्रयत्न केलाय. पान जरा फाटलंय तिथं.